क्लच पेडल खाली बसलं: गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय बघायचं

खंबाटकीचा चढ, मे महिन्यातला शनिवार, आणि रांग हलायचं नाव घेत नव्हती. पहिला गिअर टाकायचा, दहा फूट पुढं जायचं, थांबायचं. पाऊण तास हेच चाललं होतं. त्यात एकदा क्लच दाबला आणि पायाखाली काही लागलंच नाही. पेडल खाली गेलं ते तिथंच राहिलं. बुटाच्या टोकानं उचललं तेव्हा वर आलं. चार-पाच वेळा भराभर दाबल्यावर कसाबसा गिअर पडला आणि गाडी कडेला घेता आली.

गॅरेजमध्ये पाच मिनिटांत निदान झालं. "प्लेट गेली. पूर्ण सेट टाकावा लागेल." गाडीखाली कुणी वाकूनही बघितलं नव्हतं. गिअरबॉक्स उतरला, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं नवीन पडलं, बिल वीस हजारांच्या घरात गेलं. आणि तीन आठवड्यांनी सपाट रस्त्यावर, सिग्नलला, पेडल परत खाली बसलं.

या वेळी दुसऱ्या मिस्त्रींकडे गेलो. ते आधी गाडीखाली झोपले. गिअरबॉक्सच्या बाजूला एक छोटा सिलिंडर असतो. त्याच्या तोंडावरचं रबर त्यांनी पेचकसानं मागं सारलं, तसा काळपट तेलाचा ओघळ त्यांच्या मनगटावर आला. "दुखणं इथं आहे. प्लेटचा संबंधच नव्हता." हजार-बाराशेचा भाग आणि दीड तासाचं काम निघालं. माझी जुनी प्लेट डिकीत पडून होती. ती हातात घेऊन त्यांनी दाखवली. रिव्हेटांची डोकी अजून अस्तराच्या बरीच आत होती, म्हणजे ती प्लेट आणखी बरीच चालली असती. आधीच्या कामात सिलिंडर सोडून परत बसवताना टाकीत थोडं तेल भरून हवा काढली गेली, म्हणूनच तीन आठवडे गाडी बरी चालली.

हायड्रॉलिक क्लचमध्ये दोन वेगळी खाती आहेत, एक तेलाचं आणि एक प्लेटचं. बिघाड कुठल्या खात्यातला आहे हे बहुतेक वेळा गिअरबॉक्स न उतरवता कळतं. ते कळल्याशिवाय गिअरबॉक्सला हात लावू द्यायचा नाही, एवढंच मला सांगायचं आहे. ते कसं ओळखायचं ते आता मुळापासून बघू.

क्लच काय काम करतो

एक ताटली गरगर फिरते आहे असं समजा. तिच्यावर तळहात घट्ट दाबून धरला तर हातही तिच्याबरोबर फिरायला बघतो. हलका टेकवला तर ताटली हाताखालून घसरते. उचलला तर दोघांचा संबंध संपतो.

ही ताटली म्हणजे इंजिनला जोडलेलं फ्लायव्हील. हात म्हणजे क्लच प्लेट, जी गिअरबॉक्सला जोडलेली असते. तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते ती प्रेशर प्लेट, आणि तिच्यात भक्कम स्प्रिंग असते. आपण काहीच करत नाही तेव्हा ही स्प्रिंग प्लेटला दाबून धरून असते आणि इंजिनची ताकद चाकांपर्यंत जाते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगच्या पात्यांवर दाब देतं, प्लेट मोकळी होते, मग गिअर बदलता येतो.

म्हणजे क्लचला मुख्यतः दोन प्रकारचे आजार होऊ शकतात. एक, पेडल दाबूनही प्लेट सुटत नाही. दुसरा, पेडल सोडूनही प्लेट नीट धरत नाही. गाड्यांच्या गप्पांत दोन्हींना सरसकट 'क्लच गेला' म्हणतात आणि घोळ तिथंच सुरू होतो.

पाय ते प्लेट: तार की तेल

मारुती ८०० किंवा अल्टोसारख्या गाड्यांत पेडलपासून क्लचपर्यंत तार जाते, सायकलच्या ब्रेकला असते तशी. तार ताणली की क्लच सुटतो. इनोव्हा, स्कॉर्पिओ आणि आजच्या बऱ्याच गाड्यांत तारेच्या जागी तेल असतं.

पेडलच्या मागं, इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर मास्टर सिलिंडर असतो, आणि गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर. गॅरेजमध्ये यांनाच अप्पर आणि लोअर म्हणतात, मीही तेच शब्द वापरतो. दोघांमध्ये बारीक नळी आणि नळीत तेल, जे बॉनेटखालच्या छोट्या टाकीतून येतं. इंजेक्शनच्या दोन सिरिंज पाण्यानं भरून नळीनं जोडा आणि एकीचा दट्ट्या दाबा, दुसरीचा बाहेर येतो. बंद जागेतल्या द्रवावरचा दाब सगळीकडं सारखा पोचतो हे ब्लेझ पास्कलनं १७व्या शतकात मांडलं. आपल्या पायाखाली तेच चालतं.

आकडे घालून बघितलं की या यंत्रणेचं नाजूकपण कळतं. उदाहरणासाठी धरा, अप्परचा व्यास १६ मिलिमीटर, लोअरचा २० मिलिमीटर, आणि पेडलची तरफ ६ पट. पायाचा १० किलोचा जोर अप्परवर ६० किलो होतो. लोअरचं क्षेत्रफळ साधारण दीडपट, त्यामुळं तिथं तो ९० किलोच्या वर जातो. पण जोर वाढतो तशी हालचाल कमी होते. पेडल १२० मिलिमीटर खाली गेलं तर लोअरचा रॉड (रिलीज बेअरिंग हलवणाऱ्या फोर्कला ढकलणारी दांडी) जेमतेम १३ मिलिमीटर पुढं येतो. आणि एवढ्या सगळ्या खटाटोपात नळीतून सरकणारं तेल किती? ४ मिलिलिटर. चहाचा चमचाही भरत नाही.

या ४ मिलिलिटरवर सगळा खेळ आहे. त्यातलं १ मिलिलिटर कुठं वाया गेलं, तर रॉडची पाव हालचाल गेली. १३ च्या जागी १० मिलिमीटरही भरत नाही, आणि प्लेट अर्धवट सुटते.

हापसा आठवा

गावाकडचा हापसा ज्यांनी चालवला आहे त्यांना पुढचं समजायला वेळ लागणार नाही. हापशाचा वायसर झिजला की दांडा हलतो पण पाणी चढत नाही. आत हवा शिरली असेल तर आधी नुसताच फसफस आवाज, मग भराभर हापसलं की कुठं पाण्याची धार लागते. थोडा वेळ थांबलं की पाणी पुन्हा खाली जातं.

अप्पर आणि लोअरमध्ये असेच रबरी सील असतात. मिस्त्री त्यांनाही वायसरच म्हणतात, आणि तो शब्द अगदी नेमका आहे. सील झिजलं की दोन गोष्टी होतात. एकतर तेल बाहेर गळतं, नाहीतर सिलिंडरच्या आतल्या आत, दट्ट्याच्या पुढून मागं पळतं. पहिल्या प्रकारात ओल दिसते. दुसऱ्यात काहीच दिसत नाही.

हवेचं काम वेगळं. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. नळीत दाब वातावरणाच्या वीस-तीस पटींपर्यंत जातो तेव्हा १ मिलिलिटरचा हवेचा बुडबुडा चुरगळून जवळजवळ नाहीसा होतो. तेवढं तेल लोअरपर्यंत पोचण्याऐवजी त्याची जागा भरण्यात खर्च होतं. पायाला पेडल स्पंजसारखं लागतं ते यामुळं.

खंबाटकीत चार-पाच वेळा पेडल मारल्यावर गिअर पडला, तो हापसाच होता. प्रत्येक दाबीला टाकीतलं थोडं तेल पुढं गेलं आणि रॉड हवा तेवढा सरकला. प्लेट खरोखर गेली असती तर कितीही वेळा पेडल मारून फरक पडला नसता. ही एक खूण गॅरेजवाल्यानं विचारात घेतली असती तर माझा गिअरबॉक्स उतरला नसता.

पहिला प्रश्न: सुटत नाही की धरत नाही?

प्लेट सुटत नसेल तर गिअर टाकताना अडकतो, खरखरतो. सगळ्यात आधी रिव्हर्सला त्रास होतो, कारण बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सच्या दात्यांचा वेग जुळवून देणारी सोय नसते. इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबलेला, तीन-चार सेकंद थांबून रिव्हर्स टाका. तरीही कर्र आवाज आला तर प्लेट पूर्ण सुटलेली नाही. मग इंजिन बंद करून तोच गिअर टाकून बघा. बंद इंजिनवर सगळे गिअर लोण्यासारखे पडत असतील आणि चालू इंजिनवर अडत असतील, तर दोष क्लच सुटण्यात आहे. बंद इंजिनवरही अडत असतील तर गिअरच्या दांड्या, केबल किंवा गिअरबॉक्स बघायचा. या परीक्षेला एक रुपया लागत नाही.

प्लेट धरत नसेल तर लक्षणं उलटी. गिअर छान पडतात, पण चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दिला की इंजिनच्या फेऱ्यांचा काटा वर जातो, इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र तेवढीच जाते. वास येतो, जळक्या ब्रेकसारखा. हा आजार बहुतेक वेळा प्लेटच्या खात्यातला असतो. त्यालाही एक अपवाद आहे, तो पुढं येईल.

पेडल पायाला काय सांगतं

पेडल मऊ, स्पंजसारखं लागतं आणि दोन-तीन वेळा मारलं की घट्ट होतं: हवा आहे. ती आली कुठून हे नंतर शोधायचंच, पण हवा नक्की.

पेडल दाबताना ठीक वाटतं, पण दाबून धरलं की हळूहळू खाली सरकतं, किंवा पाय न हलवताही गाडी पुढं ओढ घ्यायला लागते: अप्परमध्ये तेल आतल्या आत मागं पळतं आहे. सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून थांबणाऱ्यांना हे आधी कळतं. मुद्दाम तपासायचं तर मोकळ्या सपाट जागी, समोर भिंत किंवा माणूस नसताना, हँडब्रेक ओढून आणि ब्रेकवर पाय ठेवून पहिला गिअर टाका आणि क्लच पूर्ण दाबून मिनिटभर धरा. गाडीनं ब्रेकविरुद्ध रेटा द्यायला सुरुवात केली की उत्तर मिळालं.

पेडल खालीच राहतं, उचलावं लागतं: तेल गेलेलं आहे किंवा सील फाटलं आहे. लगेच गळती शोधा.

पेडल जड झालं आणि परत यायलाही वेळ लावतं: लोअरजवळच्या रबरी पाइपकडं बघा. जुना पाइप आतून फुगून बुजतो. तेल जोरानं पुढं ढकललं जातं, पण परत येताना अडतं. कधी हाच पाइप बाहेरूनही फुगतो. एकानं पेडल दाबावं, दुसऱ्यानं पाइपवर बोटं ठेवावीत. फुगवटा हाताला लागतो.

पेडल नुसतंच जड, बाकी सगळं ठीक असेल तर मात्र प्रेशर प्लेट किंवा रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कचा सांधा.

आवाजाचंही थोडं. पेडल दाबल्यावर घुरघुर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. पेडल सोडलेलं असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. दोन्ही दुरुस्त्या मोठ्या आहेत, पण एकीच्या जागी दुसरी होऊ नये.

आणि हे सगळं करण्याआधी पायाखालची मॅट काढा. हल्लीच्या जाडजूड मॅट पेडलच्या खाली गोळा होतात आणि शेवटचे दोन सेंटिमीटर खातात. वर बघितलं तशी ही यंत्रणा मोजून-मापून चालते. मॅट सारल्यावर गिअर नीट पडायला लागलेली गाडी मी स्वतः बघितली आहे.

गळती कुठं शोधायची

बॉनेट उघडून टाकी बघा. बऱ्याच गाड्यांत क्लचची वेगळी टाकी नसते, ब्रेकच्याच टाकीतून एक नळी क्लचला जाते. अशा बहुतेक टाक्यांत क्लचचं तोंड ब्रेकच्या तोंडांपेक्षा वर ठेवलेलं असतं, म्हणजे क्लचकडं गळती झाली तरी ब्रेकपुरतं तेल खाली शिल्लक राहतं. यातून निघणारी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. टाकी कमी झाल्यामुळं क्लच गेला असेल, तर ब्रेकचं तेलही संपत आलेलं आहे. आणि गळती क्लचकडंच आहे असंही नाही, ती ब्रेकची असू शकते. क्लच फक्त आधी बोलला. अशी गाडी 'क्लच तेवढा जरा मऊ आहे' म्हणून घाटात नेऊ नका.

मग आत बसून, ड्रायव्हरच्या पायापाशी वाकून, पेडलचा दांडा ज्या भिंतीत शिरतो तिथं पांढरं फडकं किंवा कागद फिरवा. ओला झाला, रंग गेलेला दिसला, कार्पेट चिकट झालं असेल तर अप्परचं मागचं सील गेलं. हे तेल रंगाची पापडी काढतं, त्यामुळं भिंतीवर रंग उडाल्याचा ओघळ दिसणं ही जुन्या गळतीची खूण. दांड्याची पिन आणि पेडलचा ब्रॅकेटही त्याच वेळी हलवून बघा. पिन झिजून ढिली झाली असेल तर पेडलची बरीच हालचाल तिथंच वाया जाते.

शेवटी लोअर. तो बाहेर बसवलेला असेल तर त्याचं रबरी तोंड मागं सारून बघायचं, माझ्या मिस्त्रींनी बघितलं तसं. आत थोडी धूळ चालेल. तेल चालणार नाही, एक थेंबही.

निकाल लावणारी परीक्षा: रॉड किती सरकतो

एकानं पेडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्यानं लोअरच्या रॉडशेजारी पट्टी धरून तो किती पुढं येतो ते मोजायचं. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, चाकांना दगड लावलेले. किती यायला हवा हा आकडा गाडीगणिक वेगळा असतो, तो त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत मिळतो.

रॉड कमी सरकतो, किंवा पूर्ण सरकून दाबलेल्या पेडलवरही हळूहळू मागं येतो: दोष तेलाच्या खात्यात. अप्पर, लोअर, पाइप किंवा हवा. गिअरबॉक्स उतरवायचं कारण नाही.

रॉड पूर्ण सरकतो, टिकून राहतो, आणि तरीही गिअर अडतो: आता दोष आत आहे. फोर्क वाकला किंवा चिरला, बेअरिंग अडकलं, प्रेशर प्लेटची पाती झिजली, नाहीतर प्लेट शाफ्टच्या खाचांवर गंजून सरकत नाही. महापुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांत आणखी एक प्रकार होतो. कोल्हापूर-सांगलीकडं २०१९ आणि २०२१ साली कितीतरी गाड्या दिवसचे दिवस पाण्यात होत्या. अशा गाडीची प्लेट फ्लायव्हीलला गंजानं चिकटून बसते. पेडल व्यवस्थित लागतं, रॉड पूर्ण सरकतो, पण प्लेट सुटत नाही. तिथं अप्पर-लोअर बदलणं म्हणजे दुसऱ्या बाजूनं पैसे वाया घालवणं.

मिस्त्रींना एवढंच विचारायचं: "रॉड किती सरकतो ते बघितलंत का?" ज्यांनी बघितलं असेल ते लगेच सांगतील.

"पण टाकीतलं तेल तर कमी झालेलं नाही!"

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा. तेल कमी नाही म्हणून हायड्रॉलिक ठीक, म्हणून प्लेट गेली, असा हिशोब मांडला जातो. तो चुकीचा आहे. अप्परचं आतलं सील झिजलं की तेल दट्ट्याच्या मागं पळतं आणि तिथून परत टाकीतच जातं. थेंबही बाहेर पडत नाही. पातळी तीच, ओल नाही, आणि पेडल मात्र खाली.

उलट बाजूही लक्षात ठेवा. ब्रेकचे पॅड झिजले की टाकीची पातळी हळूहळू उतरते, ते नैसर्गिक आहे. क्लच प्लेट झिजली की पातळी उतरत नाही. प्लेट पातळ झाली की स्प्रिंगची पाती बेअरिंगला मागं रेटतात, लोअरचा दट्ट्या आत ढकलला जातो आणि तेल टाकीकडं परत येतं. पातळी बदललीच तर किंचित वर जाईल. त्यामुळं "प्लेट झिजली म्हणून तेल कमी झालं" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तेल कमी झालं आहे म्हणजे कुठंतरी गळलं आहे, किंवा ब्रेकचे पॅड झिजले आहेत.

याच कारणानं, केबलच्या गाडीला लागू पडणारा 'क्लच वर धरायला लागला म्हणजे प्लेट संपली' हा ठोकताळा इथं जपून वापरायचा. हायड्रॉलिक क्लच बरीचशी झीज आपोआप भरून काढतो.

"क्लच घसरतो म्हणजे तरी प्लेटच ना?"

बहुतेक वेळा हो. अस्तर संपलेलं असतं, किंवा इंजिनच्या मागच्या सीलचं ऑइल प्लेटवर आलेलं असतं. पण गिअरबॉक्स उतरवण्याआधी एक गोष्ट बघायची. पेडल वर असताना अप्परचा दट्ट्या पूर्ण मागं यायला हवा, म्हणजे टाकीकडं जाणारं बारीक छिद्र उघडं राहतं. पेडलचा दांडा जास्त ताणून बसवला असेल तर हे छिद्र बंदच राहतं. इंजिनच्या उष्णतेनं तेल प्रसरण पावतं, त्याला परतायला वाट नसते, आणि नळीत दाब साठून क्लच अर्धवट सुटलेला राहतो. सकाळी गाडी ठीक आणि तासाभरानं क्लच घसरायला लागतो, असं असेल तर हा संशय घ्या. क्लच घसरायला लागला की गाडी उभी करून लोअरचं निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) क्षणभर उघडून थोडं तेल सोडावं. क्लच लगेच धरायला लागला तर प्लेट निर्दोष आहे, दाब अडकला होता. अप्पर नुकताच बदललेल्या गाड्यांत हे घडतं.

"एकदाचं सगळंच बदललं तर काय बिघडलं?"

एका परिस्थितीत काहीच बिघडत नाही, उलट तेच शहाणपणाचं. काही गाड्यांत लोअर बाहेर नसतो. तो गिअरबॉक्सच्या तोंडाशी, शाफ्टभोवती गोल बसवलेला असतो आणि रिलीज बेअरिंगही त्यातच असतं. तो गळायला लागला की इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून तेल टपकतं आणि त्याला गाठायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. मजुरीच मोठी असते, त्यामुळं प्लेट अर्ध्यावर आलेली असेल तर त्याच वेळी ती टाकणं योग्य. उलटही खरं आहे. अशा गाडीत प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरला तर आतला जुना लोअर परत बसवू नका. मात्र टपकणारं तेल कुठलं ते बोटांत घेऊन बघा. क्लचचं तेल पातळ, पाण्यासारखं असतं. गिअर ऑइल दाट आणि उग्र वासाचं. इंजिन ऑइल काळं आणि बुळबुळीत.

लोअर बाहेर असलेल्या गाडीत मात्र 'सगळंच' बदलायला काही कारण नाही. अप्पर आणि लोअर जोडीनं बदलणं ठीक आहे. दोघांची रबरं एकाच वयाची असतात, आणि एकाचं सील नवं झालं की दुसऱ्याचं जुनं सील थोड्याच दिवसांत मान टाकतं, असा मिस्त्रींचा अनुभव आहे.

"तेल टाकलं, हवा काढली, झालं की"

तेल सीलबंद यंत्रणेत असतं, ते संपत नाही. ब्रेकचे पॅड झिजलेले नसताना कमी झालं आहे तर गळती आहे, आणि हवा असेल तर ती कुठून तरी आत आली आहे. नुसती हवा काढणं म्हणजे माझे ते तीन आठवडे.

हवा काढायची रीत साधी आहे, दोन माणसं लागतात. लोअरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचं. वरच्यानं पेडल सावकाश दाबून धरायचं, खालच्यानं निपल उघडायचं, तेल आणि बुडबुडे आले की बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. क्रम चुकला तर हवा परत आत जाते. दर चार-पाच वेळांनी टाकी भरायची, ती रिकामी झाली की पहिल्यापासून. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू. हवा वर जायला बघते आणि आपण तिला खाली ढकलतो, म्हणून काही गाड्या हट्ट करतात. तिथं खालून निपलमधून तेल भरत वर टाकीकडं नेतात.

तेल कुठलं, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४ (ब्रेक ऑइलचे प्रकार). सगळे त्याला ऑइल म्हणतात, पण ते खनिज तेल नाही, आणि या नावानंच घात होतो. अडचणीत कुणीतरी इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टेअरिंगचं ऑइल टाकतं. त्यानं या यंत्रणेतली रबरं फुगून लोळागोळा होतात, आणि टाकी सामाईक असेल तर ब्रेकचीसुद्धा. मग अप्पर, लोअर, पाइप, ब्रेक सगळं बदलायची पाळी येते. मिळालं नाही तर गाडी उभी ठेवा, दुसरं काही ओतू नका.

रस्त्यात पेडल बसलं तर

भराभर पाच-सहा वेळा पेडल मारा, गिअर पडला तर पडेल. नाहीच पडला तर चालत्या गाडीचा गिअर ॲक्सिलरेटर सोडून न्यूट्रलला काढता येतो, म्हणजे इंजिन बंद न पडता ब्रेकनं थांबता येतं. धोक्याच्या जागेतून गाडी हलवायची असेल तर इंजिन बंद करून पहिला गिअर टाका आणि तसाच स्टार्टर मारा. गाडी हिसका देऊन पुढं सरकते, त्यामुळं समोर माणूस, गाडी नको. क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट न होणाऱ्या गाड्यांत पेडल दाबून ठेवा. स्टार्ट होऊ देणारी कळ पेडलपाशी असते, क्लच सुटला की नाही हे तिला कळत नाही. हा उपाय कडेला येण्यापुरता, घर गाठण्यासाठी नाही.

तेल कधी बदलायचं

हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असायला लागतो, पाणी मुरलेल्याचा किमान १५५. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. कोकणातल्या चार पावसाळ्यांनंतर आपल्या टाकीत काय असेल याचा अंदाज यावरून करा. ओलीनं सिलिंडर आतून गंजतो, गंज सील कापतो. दर दोन वर्षांनी तेल बदलणं बऱ्याच गाड्यांना सांगितलेलं असतं. टाकीत ते काळं दिसत असेल, बोटांवर रबराची कणी लागत असेल, तर सील झिजायला लागलं आहे.

बऱ्याच ठिकाणी 'ब्रेक ऑइल बदललं' म्हणून बिलावर येतं तेव्हा चार चाकांच्या निपलमधूनच जुनं तेल काढलेलं असतं. टाकी एक असली तरी क्लचची नळी स्वतंत्र आहे, तिच्यातलं जुनं तेल तिथून बाहेर येत नाही. माझ्या गाडीच्या लोअरमधून जे काळं आलं ते असंच वर्षानुवर्षं तिथं बसलेलं होतं, आणि वर टाकीत तेल सोनेरी दिसत होतं. पुढच्या वेळी ब्रेक ऑइल बदलायला गाडी द्याल तेव्हा क्लचच्या निपलमधूनही काढायला सांगा, आणि शक्य असेल तर बाटलीत काय रंगाचं आलं ते उभं राहून बघा.